काकांची ‘नवी जात’

बागांच्या देखभालीचं काम करते, त्यामुळे ‘नवी जात सापडली’ असे फोन अधूनमधून येतातच. जाऊन बघावं तर बहुतेकदा उन्हाने भाजलेलं पान निघतं. होस्टा म्हणजे देखण्या पानांसाठी लावलं जाणारं बागेतलं रोप; तो सावलीत सुखाने वाढतो, कडक उन्हात त्याच्या पानांच्या कडा वाळतात. काकांनी बोलावलं तेव्हाही मी फार आशा न ठेवताच गेले.

वाफा बघून मात्र थबकले. झाडांची विरळ सावली, जमिनीवर पालापाचोळ्याचं आच्छादन, ओल नेमकी आणि पानांना गोगलगायींची भोकं जवळपास नाहीतच. (होस्टा गोगलगायींपासून वाचवणाऱ्या माणसाबद्दल मला कायम आदर वाटतो.) मधोमध पिवळ्या पानांचा भलाथोरला गड्डा, आणि त्या पिवळ्यावर शिरांच्या कडेने गडद हिरवा रंग पसरलेला, टीपकागदावर शाई फुटावी तसा.

“बघा ताई, असं पान कुठे पाहिलंय का?”

पाहिलं होतं, हीच तर पंचाईत. होस्टाच्या पानावरची नक्षी सहसा शिस्तीत असते. वेगळ्या रंगाची कड, नाहीतर मधला पट्टा. इथे रंगाला हद्दच नव्हती, आणि बोट फिरवलं तर हिरव्या रेघांजवळ पान सुरकुतलेलं लागत होतं. पिशवीतल्या द्रावणात पानाचा तुकडा चुरडून चाचणीपट्टी बुडवली. थोड्याच वेळात दोन रेघा उमटल्या. होस्टा व्हायरस एक्स.

काकांना पटेना. त्यांचंही खोटं नव्हतं. हा विषाणू 1996 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या बेन लॉकहार्ट यांनी ओळखला, पण असली रोगट रोपं वेगवेगळ्या नावांनी नव्या जाती म्हणून बाजारात विकलीही गेली आहेत. दिसायला ती देखणीच असतात.

“औषध सांगा, मारतो फवारा.”

औषध नाही. हा रोग पसरतो तो रोपाच्या रसातून. म्हणून मी विचारलं, “गड्डे कशाने फोडता?” काकांनी कोनाड्यातली सुरी दाखवली. दर वसंतात कोंब वर आले की एकाच सुरीने सगळ्या वाफ्यातले गड्डे फोडायचे, पानं-फुलांचे दांडे कापायला एकच कात्री. म्हणजे शेजारचे निरोगी दिसणारे गड्डेही आता संशयित. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला कधीकधी वर्षं जातात.

“हा एकटा कुंडीत वेगळा ठेवला तर?”

जगला असता, नाही असं नाही. पण उद्या कात्री त्याच्यावरून दुसऱ्यावर जाणारच, त्यामुळे मी साफ नाही म्हटलं. गड्डा मुळांसकट उपटून पिशवीत बांधला, कंपोस्टच्या ढिगात टाकू दिला नाही. सुरी-कात्री आधी घासून माती आणि रस काढला, मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवली. यापुढे एका गड्ड्याकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी हेच करायचं, हे काकांकडून वदवूनही घेतलं. मोकळ्या जागेत नेचे लावायला सांगितले. मातीत राहिलेल्या जिवंत मुळांत विषाणू टिकतो, त्यामुळे तिथे इतक्यात होस्टा नको.

मग मी त्यांना वही आणायला लावली. या गड्ड्याचे फुटवे कोणाकोणाला दिलेत, त्याची यादी हवी होती. काकांनी लिहायला सुरुवात केली आणि पान उलटलं.