ब्रेकर उघडला, तरी लाइन चालूच

वीज वितरण कंपनीच्या टेस्टिंग विभागात नोकरी करायची तर कारखानदारांची बोलणी खायची तयारी ठेवावी लागते. ग्राहकाने स्वतःचा कोजन, म्हणजे एकाच वाफेतून वीज आणि प्रक्रियेची उष्णता देणारा सहवीजनिर्मिती संच, बसवला की विचारूच नका. "गिऱ्हाईक हातचं जातंय म्हणून अडवताय तुम्ही," हे नाशिककडच्या सातपूर, अंबड, सिन्नर, सगळ्या औद्योगिक वसाहतींत ऐकून झालंय. ते अगदीच खोटं आहे असंही नाही.

हे प्रकरण दिंडोरी भागातल्या एका कारखान्याचं. प्रक्रियेला त्यांना कमी दाबाची वाफ लागायची, म्हणून बॉयलरची ४५ बारची वाफ व्हॉल्व्हमधून साडेतीन बारवर उतरवायचे आणि मधला दाब फुकट घालवायचे. आता त्या व्हॉल्व्हच्या जागी बॅकप्रेशर टर्बाइन आलं होतं. वाफ आधी टर्बाइन फिरवणार, मग प्रक्रियेला जाणार. यात खोट काढायला जागाच नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचे २१० मेगावॅटचे तीन संच घ्या. कोळशातल्या उष्णतेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याची वीज होते, बाकीची कूलिंग टॉवर आणि चिमणीतून हवेत जाते. इथे उरलेली वाफच कामाला लागते, त्यामुळे इंधनाचा उपयोग सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. कायदाही त्यांच्याच बाजूचा. २००३ च्या वीज कायद्यानुसार स्वतःपुरती वीज करायला परवाना लागत नाही, आणि सहवीजनिर्मितीला चालना देणं हे राज्य वीज नियामक आयोगाचं काम आहे.

आमच्या ऑफिसात मात्र या फायलीकडे दोन टेबलं दोन नजरांनी बघत होती. कमर्शियलवाल्यांचं म्हणणं, शेतीपंपांचा दर खर्चाखाली ठेवायचा तर फरक एचटी, म्हणजे उच्चदाबाने वीज घेणाऱ्या, उद्योगांच्या बिलातून निघतो. तोच ग्राहक निम्मे युनिट घरी बनवणार आणि वर कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे त्याच्यासाठी कराराने राखलेली कमाल मागणी, कमी करा म्हणून अर्ज देणार. टर्बाइन ट्रिप झालं, म्हणजे अचानक बंद पडलं, की सगळा लोड त्याच क्षणी आमच्या ट्रान्सफॉर्मरवर! मग ती क्षमता वर्षभर राखून ठेवायची कोणाच्या पैशाने? मला हे अर्धंच पटतं. दहा कारखान्यांचे दहा संच एकाच दुपारी बंद पडत नाहीत, त्यामुळे दहाही जणांकडून पूर्ण राखीव क्षमतेचे पैसे मागणं जास्तीचं होतं. आणि संचाची दुरुस्ती ठरवून कमी मागणीच्या दिवसांत घेता येते, त्याचाही हिशेब कोणी मांडत नाही.

माझी धास्ती वेगळी होती. आमचा लाइनमन सबस्टेशनमधून ब्रेकर उघडून घेतो, म्हणजे लाइन तोडून घेतो, कामाचं परमिट घेतो आणि कामाला लागतो. त्या लाइनच्या दुसऱ्या टोकाला आता जनरेटर होता.

आमचा ब्रेकर उघडल्यावर कारखान्याचा संच आपोआप सुटतो का, या चाचणीसाठी मी मुद्दाम साप्ताहिक सुट्टीचा दिवस मागून घेतला. त्याच लाइनवरचे शेजारचे कारखाने बंद, लोड अगदी कमी. बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारा रिले ज्या पॅनलमध्ये होता, ते पुरवणारा इंजिनिअर निवांत होता. "फ्रिक्वेन्सी जरा हलली की रिले उचलतो साहेब, अर्ध्या सेकंदात संच बाहेर." संच आणि लाइन यांचा मेळ दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा सावकाश बाराकडे आला, ब्रेकर बसला, संच जोडला गेला. मग सबस्टेशनच्या ब्रेकरमधून जाणारा लोड जवळपास शून्य होईपर्यंत मी टर्बाइनवर लोड वाढवायला लावला. पुरवठादाराच्या कपाळावर तेव्हा पहिली आठी दिसली.

फोनवर ऑपरेटर म्हणाला, "साहेब, ब्रेकर उघडला."

आमच्या पॅनलवर काहीच झालं नाही. ३३ केव्ही तसंच. फ्रिक्वेन्सी ५०.० वरून ५०.१ झाली आणि तिथेच रेंगाळली. जेवढा लोड तेवढीच निर्मिती, मग फ्रिक्वेन्सी हलणार कशी? रिलेच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं. बाहेर डबल पोलखाली डिटेक्टर घेऊन उभा असलेला आमचा लाइनमन ओरडला, "साहेब, लाइन चालूये!" मी हाताने ट्रिप दिली.

कारखान्याचे मॅनेजर तावातावाने म्हणाले, "अहो, असा योग वर्षातून एखाद वेळी येणार. तेवढ्यासाठी परवानगी अडवणार?"

मी काही बोलायच्या आत लाइनमनच पुढे झाला. "भाऊ, लाइन बंद समजून मी अर्थिंगची चेन टाकतो. तो एखाद वेळ माझ्याच ड्युटीत आला म्हणजे?"

मॅनेजर गप्प झाले. नंतर चहा घेताना त्यांनीच विचारलं, उपाय काय ते सांगा.

उपाय नवा नव्हता. सबस्टेशनचा ब्रेकर उघडला की त्याच सिग्नलने कारखान्याचा ब्रेकर पडला पाहिजे, म्हणजे इंटरट्रिप, आणि त्यासाठी मधे फायबर केबल. रिलेने अंदाज बांधत बसायची गरजच नाही. खर्च त्यांचा. त्यांनी कुरकुर केली, पण केबल टाकली. दुसऱ्या चाचणीला तीच जुळवाजुळव केली, आणि ऑपरेटरचा "उघडला" हा शब्द फोनवर यायच्या आत कारखान्याचा ब्रेकर पडलेला होता. त्याच संध्याकाळी मी टेस्ट रिपोर्टवर सही केली.

डिमांड कमी करायचा अर्ज मात्र माझी बदली झाली तेव्हाही कमर्शियलच्या टेबलावर होता. मॅनेजरांचा फोन आला की मी सांगायचो, साहेब, माझं टेबल मोकळं आहे, त्या टेबलाशी बोला. त्यांना ते पटत नसे. त्यांच्या लेखी वीज कंपनी एकच होती.