बोलके मासे आणि बुडालेला बोनस

मी कुडाळात बसून अ‍ॅनिमेशनचे स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्टीची दृश्यागणिक कच्ची चित्रं, करतो हे कळलं की मला दोन प्रश्न येतात. पहिला वडीलधाऱ्यांचा: "ह्यां कार्टून पोरांचा मां?" याचं उत्तर सोपं आहे. पिंगुळी इथून हाकेच्या अंतरावर. तिथले ठाकर चित्रकथी रंगवलेली पानं एकेक पुढे धरून रामायण-महाभारत सांगत आलेत, आणि ऐकायला मोठी माणसं बसत. याच परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

दुसरा प्रश्न कॉलेजच्या मुलांचा, आणि तुम्हीही तोच विचारलात म्हणून हे लिहायला घेतलं. मोठ्यांसाठीची एखादी विनोदी कार्टून मालिका पस्तीस वर्षं चालते, दुसरी सात भागांत गाशा गुंडाळते. असं का?

मला वाटतं ते असं. चित्रात काहीही दाखवता येतं, आणि पडणाऱ्या मालिका खरोखरच काहीही दाखवत सुटतात. टिकणाऱ्या मालिकेने स्वतःला कसली तरी बंदी घालून घेतलेली असते.

'द सिम्पसन्स' या अमेरिकन कुटुंबाच्या मालिकेचंच बघा. ही मंडळी १९८७ पासून दुसऱ्याच एका कार्यक्रमात मिनिटा-दीड मिनिटाच्या तुकड्यांत येत होती. अर्ध्या तासाचा पहिला भाग फॉक्स वाहिनीवर लागला १७ डिसेंबर १९८९ रोजी. गोष्ट काय? बापाचा नाताळचा बोनस बुडतो. आईने साठवलेले पैसे पोराच्या हातावरचं गोंदण काढण्यात जातात. बाप घरी न सांगता मॉलमध्ये सांताक्लॉज बनून चार पैसे मिळवायला जातो, हाती पडलेली चिल्लर कुत्र्यांच्या शर्यतीवर लावतो आणि हरलेला कुत्रा घेऊन घरी येतो. चतुर्थीच्या तोंडावर आपल्या चाकरमान्याचा बोनस बुडावा, तितकी ही ओळखीची गोष्ट. माणसं पिवळीधम्मक, हाताला चारच बोटं, पण गोष्टीत चमत्कार एकही नाही.

बाकीच्या वाहिन्यांनी यातून अर्थ काढला की लोकांना कार्टून हवंय. मग १९९२ साली एबीसीने व्हाइट हाउसच्या भिंतींआड राहणारे उंदीर आणले, सीबीएसने मासे-पोलीस आणले. मासा पोलिसाच्या टोपीत दिसला की पहिली पाच मिनिटं हसू येतंच. पुढे त्या माशाचं घरी कुणाशी पटत नाही, पगार कुठे जातो, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. 'फिश पोलीस' तीन भागांनंतर बंद पडली. २००४ साली एनबीसीने लास व्हेगासमधल्या जादूच्या खेळातल्या सिंहांचं कुटुंब संगणकावर बनवलं. खर्च अफाट केला आणि मालिका एका हंगामात संपली. २०११च्या 'अ‍ॅलन ग्रेगरी'त सात वर्षांचा एक शिष्ट, श्रीमंत पोरगा साध्या शाळेत जातो. एकच विनोद सात भाग चालवला, आठवा भाग झाला नाही.

त्याच २०११ साली, त्याच फॉक्सवर 'बॉब्स बर्गर्स' सुरू झाली. तिच्या मूळ कल्पनेत बर्गरचं हॉटेल चालवणारं हे कुटुंब नरभक्षक होतं. वाहिनीने ते काढायला लावलं. वाहिन्यांच्या सूचना मी सहसा कपाळाला आठ्या घालून वाचतो, पण ही लाखमोलाची होती. नरमांसाची नुसती अफवा पहिल्या भागापुरती उरली, आणि मागे राहिलं भाडं थकलेलं, गिऱ्हाइकाची वाट बघणारं घर. ते अजून चालू आहे.

माझी सगळ्यात लाडकी 'किंग ऑफ द हिल'. टेक्सासमधल्या गावातला हँक हिल प्रोपेन गॅस विकतो आणि घरामागच्या गल्लीत तीन मित्रांबरोबर बिअर घेऊन उभा राहतो. बस्स. चौघं "हं" म्हणतात, पाचवा "हं" येत नाही, आणि मी हसून लोळतो. हे सगळं कॅमेऱ्यासमोर खऱ्या नटांना घेऊन करता आलं असतं, मग काढत कशाला बसायचं, असं लोक विचारतात. एक कारण म्हणजे हँकचा मुलगा. खरा पोरगा चार वर्षांत मिसरूड फुटून बापाच्या उंचीचा झाला असता. चित्रातला बॉबी १९९७ ते २०१० शाळकरीच राहिला, आणि बाप-लेकाचं तेच न जमणं पुन्हा पुन्हा नव्याने दाखवता आलं. चित्राचा असा उपयोग मला उडणाऱ्या गाड्यांपेक्षा मोठा वाटतो.

ही बंदीची गोष्ट मला कुठल्या कोर्समध्ये शिकवली नाही, जत्रेत दशावतार बघून कळली. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरलेलं, बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, काळ्या बुरख्यातला संकासुर येतो आणि मालवणीतून भटजीची, गावाची, समोर बसलेल्यांचीही उडवतो. त्याला बोलायची पूर्ण मुभा. पण वेद त्याने चोरलेले आहेत आणि विष्णूच्या हातून त्याला मरायचंच आहे, त्यात फेरफार नाही. शेवट पक्का आहे म्हणून मधे वाटेल तितकं सुटता येतं. (हल्ली वेळ नाही म्हणून हाच भाग कापतात, ते मला खटकतं.)

फरक एवढाच की संकासुराला समोरचं माणूस दिसतं. कोटी पडली तर पुढच्या वाक्याला तो सावरतो. आमच्याकडे तसं नाही. आधी संहिता, मग आवाजांचं रेकॉर्डिंग, मग स्टोरीबोर्ड, त्याचं अ‍ॅनिमॅटिक (तीच चित्रं आवाजावर बसवून केलेला कच्चा भाग), मग प्रत्यक्ष चित्रांचं काम, जे अमेरिकन मालिकांच्या बाबतीत बऱ्याचदा दक्षिण कोरियात होतं, आणि शेवटी रीटेक, म्हणजे चुकलेल्या चित्रांची दुरुस्ती. एका भागाला कित्येक महिने जातात. पहिला भाग लोकांपुढे येतो तेव्हा पुढचे बरेचसे तयार होऊन बसलेले असतात. लोक हसले नाहीत हे कळलं तरी हात बांधलेले. म्हणून कोण काय करणार नाही, हे आधीच ठरवावं लागतं. 'साउथ पार्क'वाल्यांनी यातून पळवाट काढली. कागद कापून केल्यासारखी ओबडधोबड चित्रं संगणकावर हलवून ते सहा दिवसांत भाग उभा करतात. चित्र सुंदर हवं हा हट्टच सोडून दिला, ही त्यांची बंदी.

आता तुम्ही म्हणाल, 'फॅमिली गाय'ला कसली आलीय बंदी? खरंय. तिथे गोष्ट मधेच सोडून कुठेही उडी मारतात, कुत्रा दारू पितो, तान्हं पोर आईचा जीव घ्यायला टपलेलं, आणि तरीही ती चालते. पण २००२ साली फॉक्सने ती बंद केली होती. रात्रीची पुनःप्रक्षेपणं आणि डीव्हीडींचा खप बघून २००५ मध्ये परत आणावी लागली. नशीब आणि वेळापत्रक यांचाही वाटा असतो, तो मी नाकारत नाही. 'बोजॅक हॉर्समन' २०१४ साली नेटफ्लिक्सवर अख्खा हंगाम एकदम आला, हेही तिच्या पथ्यावर पडलं. सुरुवातीचे भाग मलाही बेतास बात वाटले होते. घोड्याच्या तोंडाचा नट एका भागात जे नासवतो ते पुढच्या भागात आपोआप नीट होत नाही, हा तिचा नियम कळायला निम्मा हंगाम जावा लागतो.

मराठीत अशी मालिका का नाही, हा तुमचा उपप्रश्न. पैसा, दुसरं काय. दररोज अर्धा तास भरणाऱ्या वाहिनीला महिनोन्‌महिने एका भागासाठी थांबणं परवडत नाही. पण पोरं थांबत नाहीत. सावंतवाडीच्या एका विद्यार्थ्याने मला मालवणीत बोलणाऱ्या बांगड्याची कल्पना पाठवली. बांगडा गावच्या राजकारणावर बोलतो, क्रिकेटवर बोलतो, मुंबईवाल्यांवर बोलतो. मी त्याला एवढंच विचारलं, "बाबा, हा गप्प कधी बसतो?" आठवड्याने त्याचा मेसेज आला. बांगडा आता फक्त श्रावणात बोलतो. बाकीचे अकरा महिने त्याला तव्याची भीती वाटते.