घाण्याचं की रिफाइंड?

बी.फार्म. नाशिकला केलं आणि आता ब्रॅम्प्टनला गांजाच्या दुकानात काउंटर सांभाळते. दचकू नका, कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून हे कायदेशीर आहे. खायचे प्रकार, म्हणजे गमीज (जेलीच्या चघळायच्या गोळ्या), चॉकलेटं वगैरे, त्यानंतर वर्षभराने आले. इथल्या फार्मासिस्टच्या परीक्षा पार पडेपर्यंत घरभाडं थांबत नाही, म्हणून ही नोकरी. गंमत अशी की औषधांबद्दल जे काही शिकले ते या काउंटरवर बोलायची मला बंदी आहे. "याने गुडघा बरा होईल" असं म्हणायचं नाही. माल दाखवायचा, लेबल वाचून दाखवायचं, बस्स.

जानेवारीतला शनिवार होता. बुटांना बर्फ लागलेल्या एक मावशी आत आल्या, सत्तरीच्या असाव्यात. माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला आणि थेट मराठीतच सुरुवात केली. "मुलगी शेजारी भाजी घेतेय. तिने झोपेसाठी या गांजाच्या तेलाचे थेंब आणले होते, पण तोंडात गवत चावल्यासारखं होतं गं. त्यापेक्षा गोळ्या-चॉकलेट दे. आणि हे बघ, चार डब्यांवर चार नावं. तेल तर एकच ना?"

प्रश्न बरोबर होता. दुकानात येणारी निम्मी माणसं तो विचारतही नाहीत.

मी म्हटलं, "मावशी, घाण्याचं तेल आणि रिफाइंड यात फरक असतो ना, तसंच." फुल स्पेक्ट्रम म्हणजे घाण्याचं: झाडातलं बरंच काही त्यात उतरतं, वास आणि कडवटपणासकट. डिस्टिलेट म्हणजे रिफाइंड: गाळून, ऊर्ध्वपातन करून उरलेलं मधासारखं घट्ट, जवळजवळ बिनवासाचं. कारखान्यांना तेच आवडतं, कारण रासबेरीची गमी रासबेरीचीच लागते. रोझिनमध्ये रसायन नाहीच, नुसती उष्णता आणि दाब देऊन पिळून काढतात, म्हणून महाग. आणि आयसोलेट म्हणजे एकच घटक वेगळा काढलेली पांढरी भुकटी.

माझं स्वतःचं मत विचाराल तर खाण्याच्या प्रकारात या नावांचं फार कौतुक करू नये. टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, गिळलं की ते यकृतातून जातं आणि तिथे त्याचं 11-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, मग ते रोझिनमधून आलेलं असो की डिस्टिलेटमधून. म्हणून तर गमी चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, आणि "काहीच होत नाहीये" म्हणून दुसरी खाल्लेली माणसं रात्रभर भिंत धरून बसतात. डबीवरचे मिलीग्राम आधी वाचावेत. इथे खायच्या एका पाकिटात 10 मिलीग्रामपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही, पण नवख्या माणसाला तेवढंही पुष्कळ होतं.

मावशींनी आयसोलेटची डबी उचलली. तीत टीएचसी नव्हतंच, एकेका गमीत 30 मिलीग्राम सीबीडी, म्हणजे गांजातलाच पण नशा न आणणारा घटक. "हेच बरं. शुद्ध आहे, नशा नाही. सात्त्विक!" मीही मान डोलावली. मशीनवर रक्कम टाकली. कार्ड काढता काढता त्या सहज म्हणाल्या, "रात्री नऊच्या गोळीबरोबर घेतलं तर चालेल ना?"

"कसली गोळी?"

"रक्त पातळ करायची. झडप बदललीय ना माझी."

पर्समधून वारांच्या कप्प्यांची डबी निघाली. शनिवारच्या कप्प्यात एक निळी गोळी, तिच्यावर 4 कोरलेला. वॉरफेरिन, रक्त पातळ करायचं औषध. इथे त्याच्या गोळ्यांचे रंग मिलीग्रामच्या ताकदीप्रमाणे ठरलेले असतात: 1 गुलाबी, 2 फिकट जांभळी, 4 निळी, 5 पीच. परीक्षेसाठी हे पाठ करून करून डोकं उठलं होतं.

यकृतातली जी एन्झाइम्स वॉरफेरिनला मोडतात, त्यांनाच सीबीडी अडवतं. मग गोळी रक्तात साठत जाते, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, चढतो, आणि पडल्याचं निमित्त होऊन आत रक्तस्राव होऊ शकतो. बाहेर बर्फ होताच घसरायला. डोस मोठा असेल तर धोका जास्त, पण 30 मिलीग्राम पुरेसं कमी आहे असं मी कुणाच्या भरवशावर म्हणणार? टीएचसीही या बाबतीत अगदी निर्दोष नाही. पण नशेला भिऊन त्या जी डबी निवडत होत्या, तीतच सीबीडी सगळ्यांत जास्त होतं. आणि मी मान डोलावली होती. ते अजून टोचतं.

मी रक्कम रद्द केली. "मावशी, हे मी आज तुम्हाला विकत नाही."

"महाग पडेल म्हणून का?"

मला समजावून सांगता येत नव्हतं, म्हणजे सांगायची परवानगी नव्हती. माझा ब्रेक बाकी होता. कोट घातला आणि त्यांना हाताला धरून त्याच प्लाझातल्या फार्मसीत नेलं. तिथल्या फार्मासिस्टने डबी बघितली, घरातले थेंब किती दिवस घेतले ते विचारलं, थेंबही तूर्त बंद करायला सांगितलं आणि आयएनआर तपासण्यासाठी त्यांच्या दवाखान्याला फोन लावला.

आम्ही दोघी खुर्च्यांवर बसलो. मावशी म्हणाल्या, "तू कुठे काम करतेस ते आईला माहितेय?"

"मेडिकलमध्ये आहे, एवढंच सांगितलंय."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की काउंटरपलीकडचा फार्मासिस्ट फोन कानाला तसाच धरून वळून बघायला लागला.