राडुकानूनं अभ्यास सांभाळून जिंकलं, मग आमच्या मुलीला का नाही जमणार?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी पुण्यात मुलांना टेनिस शिकवते. मुलगी नववीतून दहावीत किंवा अकरावीतून बारावीत जायची वेळ आली, की पालक कोर्टाच्या जाळीपाशी येऊन हाच प्रश्न विचारतात : ‘मॅडम, त्या एमा राडुकानूनं शाळा न सोडता यूएस ओपन जिंकली ना?’ दोन बॅचच्या मध्ये मिळणाऱ्या पाच मिनिटांत याचं प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

ब्रिटनच्या या टेनिसपटूनं २०२१ मध्ये, अठराव्या वर्षी, न्यूयॉर्कची ती स्पर्धा जिंकली, हे खरंच. आणि शाळाही नावापुरती नव्हती. लंडनच्या आग्नेय टोकाला ऑर्पिंग्टनमध्ये न्यूस्टेड वूड नावाची शाळा आहे, प्रवेशपरीक्षा पास झाल्याशिवाय तिथे घेत नाहीत. एमा तिथलीच. त्याच वर्षी ए-लेव्हलला, म्हणजे तिकडच्या बारावीला, तिला गणितात ए-स्टार ही सर्वोच्च ग्रेड आणि अर्थशास्त्रात ए मिळाला. वडील रुमानियाचे, आई चीनची, दोघंही वित्तक्षेत्रातले. शिक्षण मध्येच सोडायचं नाही, हा घरचा आग्रह तिनं मुलाखतींमधून सांगितलेला आहे.

पण तिची परीक्षा आणि आपली बारावी एका मापानं मोजू नका. ए-लेव्हलला मोजकेच विषय निवडून खोलात शिकायचे असतात. आपल्या मुलींना बोर्डाचे सगळे विषय आणि वर सीईटी, जेईई नाहीतर नीट. शिवाय त्या वर्षी कोविडमुळे इंग्लंडमधल्या सार्वजनिक परीक्षाच रद्द झाल्या होत्या, ग्रेड शिक्षकांनी केलेल्या मूल्यमापनावर दिल्या गेल्या. तिची हुशारी यानं तसूभरही कमी होत नाही. मात्र तुमच्या मुलीच्या डोक्यावरचं ओझं वेगळं आहे.

आता टेनिसकडे येते. एमा पाचव्या वर्षी लंडनमधल्या ब्रॉम्लीत खेळायला लागली. पंधराव्या वर्षी, २०१८ मध्ये, ती ज्युनियर विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत होती. तिथे पोलंडच्या इगा श्वियाँतेकनं तिला ६-०, ६-१ असं हरवलं आणि पुढे ती स्पर्धाही इगानंच जिंकली. या निकालाकडे पालक पाहतच नाहीत. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण अभ्यासाची अवघड वर्षं सुरू होण्याआधीच एमा जगातल्या सर्वोत्तम मुलींसमोर उभी राहिली होती आणि आपण किती कमी पडतो हे तिला कळलं होतं. पाया आधी घातला गेला, अभ्यासाचा ताण नंतर आला.

आणि मग आपलं पुणं. डिसेंबर २०१९ मध्ये, सतरा वर्षांची असताना, ती डेक्कन जिमखान्यावर २५ हजार डॉलरची आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) स्पर्धा खेळायला आली आणि जिंकून गेली. अंतिम सामन्यात नाइक्था बेन्सविरुद्ध पहिला सेट ४-६ असा गेला, पुढचे दोन तिनं ६-२, ६-१ घेतले. पहिला सेट गमावल्यावर दोन सेटमध्ये मिळून फक्त तीन गेम दिले! माझ्या मुलींना मी हा स्कोअर पुन्हा पुन्हा सांगते. २५ हजार डॉलर ही संपूर्ण स्पर्धेची बक्षीसरक्कम असते, सगळ्या खेळाडूंत वाटली जाणारी. टीव्ही नाही, मोठं स्टेडियम नाही, घरापासून हजारो किलोमीटर दूर येऊन रँकिंगचे थोडे गुण मिळवायचे. न्यूयॉर्कला जाणारा रस्ता अशा कोर्टांवरूनच जातो, आणि ते कोर्ट आपल्या शहरात आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

त्यानंतर महासाथ आली. स्पर्धा बंद, मग परीक्षा. जवळजवळ दीड वर्ष ती फारशी खेळलीच नाही. २०२१ च्या विम्बल्डनला तिचं रँकिंग ३३८ होतं आणि तिला वाइल्ड कार्ड, म्हणजे रँकिंग पुरेसं नसतानाही आयोजकांकडून थेट प्रवेश, मिळालं. इथे थांबून विचार करा. एवढ्या रँकिंगच्या भारतीय मुलीला विम्बल्डनच्या क्वालिफायिंगमध्येही, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेऱ्यांतही, सहसा जागा मिळत नाही. ब्रिटनच्या टेनिस संघटनेला विम्बल्डनच्या नफ्यातून मोठा निधी मिळतो, लंडनमध्ये रोहॅम्प्टनला त्यांचं राष्ट्रीय केंद्र आहे, म्हणजे एमामागे घरच्या संघटनेचं बळ होतं. एमानं त्या संधीचं सोनं केलं, वोंद्रोउशोवा आणि सिर्स्टी यांना सरळ सेटमध्ये हरवून चौथी फेरी गाठली. तिथे श्वास घ्यायला त्रास होऊ लागल्यानं तिला सामना सोडावा लागला. अठरा वर्षांच्या मुलीच्या मनोबलावर तेव्हा लोकांनी बोट ठेवलं, ते मला आजही पटत नाही.

यूएस ओपन तुम्हाला पाठच आहे : रँकिंग १५०, क्वालिफायिंगचे तीन धरून दहा सामने, वीस सेट, एकही गमावला नाही. क्वालिफायिंगमधून येऊन ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) एकेरी जिंकणारी ती पहिलीच, पुरुषांतही असं कुणी केलेलं नव्हतं.

पुढचं मात्र कुणी विचारत नाही. २०२२ दुखापतींत गेलं. मे २०२३ मध्ये दोन्ही मनगटांवर आणि घोट्यावर शस्त्रक्रिया झाल्या. माझं मत असं, की दर आठवड्याला नवं शहर, नवं कोर्ट, लागोपाठ सामने हे सोसणारं शरीर काही वर्षं सलग खेळूनच घडतं, आणि ती वर्षं तिला मिळाली नव्हती. काही अभ्यासानं घेतली, काही कोविडनं. तिनं चुकीचा सौदा केला असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्याची किंमत होती, आणि ती तिच्या मनगटांनी चुकती केली असं मला वाटतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते. शाळा सोडवू नका. बारा ते पंधरा या वयात भरपूर सामने खेळू द्या, सोलापूर, कोल्हापूर, औरंगाबाद, जिथे ड्रॉमध्ये नाव लागेल तिथे. बारावीच्या वर्षात आठवड्यातून चार दिवस कोर्ट, दोन दिवस फिटनेस, परीक्षा होईपर्यंत स्पर्धा नाहीत. खांदा आणि मनगटाचे व्यायाम एकही दिवस चुकवायचे नाहीत. त्या वर्षी मुलीचं एआयटीए (अखिल भारतीय टेनिस संघटनेचं) रँकिंग घसरणार हे नक्की. त्यावरून तिला घरी बोल लावणार नसाल, तर जूनपासून खुशाल पाठवा.