चिनावलच्या बागेत अडवलेली गाडी

मे महिन्यातली गोष्ट. रावेर-यावल पट्ट्यातला मे कसा असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको, सकाळी आठलाच ऊन चटके देतं आणि नऊनंतर कापलेली केळी बागेत पडून राहणं म्हणजे आमच्या धंद्यात सरळ नुकसान. मी सावद्याजवळ एका केळी एक्स्पोर्टवाल्यांच्या पॅकहाऊसवर ऑपरेशन्स बघतो. त्या दिवशी आवारात रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर येऊन उभा होता, न्हावाशेवा बंदराला गेट बंद व्हायच्या आत पोचायचा होता आणि मी चहाचा कप हातात घेतला तेवढ्यात आमच्या फील्ड ऑफिसरचा फोन. पोरगा पुण्याहून एमबीए करून आलेला, हुशार आहे, पण आवाज पार पडलेला. "सर, चिनावलला गाडी अडवलीये. आप्पा म्हणतायत एक क्रेट जाऊ देणार नाही."

झालं काय होतं ते आधी सांगतो. आखातातल्या पार्टीचा आदल्या रात्री अकराच्या सुमारास हेड ऑफिसला मेल आला की जहाज लांबच्या रूटने जाणारे, दिवस वाढणार, तर जाड माल नको. आमच्याकडे नेहमी ३९ ते ४६ मिलिमीटर कॅलिपरचा, म्हणजे तेवढ्या जाडीच्या केळाचा माल चालतो, त्यांनी वरची हद्द ४३ वर आणली. त्यांचं काही चुकलं नाही. केळं जितकं भरलेलं तितकं ते पिकायला जवळ आलेलं, आणि लांबच्या प्रवासात एखादं खोकं जरी पिकायला लागलं तर त्याच्यातून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारची खोकी पण धरतात. तेरा-साडेतेरा डिग्रीवर ठेवलं तरी केळं झोपतं एवढंच, थांबत नाही.

तर हा निरोप हेड ऑफिसमधून निघाला आणि व्हॉट्सॅप ग्रुपवर पडला. इंग्रजीत, एका ओळीत, खाली प्लीज एन्शुअर वगैरे. पोराने रात्री तो पाहिला, अंगठा दाखवला, मुकादमाच्या ग्रुपवर तसाच्या तसा फॉरवर्ड केला आणि झोपला. मुकादम सातपुड्यातला पावरा माणूस, आमच्याशी मराठी-हिंदी मिसळून बोलतो, इंग्रजी त्याला कुठून येणार. त्याने त्यातला आकडा तेवढा वाचला. आणि ज्याच्या बागेत कापणी होती त्या आप्पांना कोणी काहीच सांगितलं नाही, कारण ते कुठल्या ग्रुपमध्येच नाहीत.

सकाळी साडेपाचला टोळी बागेत शिरली, निम्मी कापणी झाली, फण्या सुटल्या, फोम लावून क्रेटमध्ये भरल्या, आणि मग पोरगा पोचला, त्याने जाडी मोजायचा कॅलिपर लावला आणि म्हणाला हे बाजूला काढा. शेतकऱ्यासमोर त्याच्याच कापलेल्या मालाचा ढीग बाजूला पडायला लागला तर तो गप्प बसेल का? घड झाडावर असता तर लोकल व्यापाऱ्याला बऱ्हाणपूरच्या भावाच्या हिशोबाने देता आला असता, पण फण्या केलेला माल दिसला की व्यापारी पाडूनच मागतो. आप्पांनी ट्रॅक्टर आणून आयशरच्या पुढे आडवा लावला.

आता इथे ट्रेनिंगचं सांगावंच लागेल. महिनाभर आधी कंपनीने आम्हा सगळ्या मॅनेजर लोकांना जळगावला एका एसी हॉटेलात इफेक्टिव्ह कम्युनिकेशन शिकायला बसवलं होतं. ट्रेनर माणूस चांगला, विनोदी, पण पहिल्याच स्लाइडवर ते ७-३८-५५ आलं, म्हणजे बोलण्यात शब्दांचं वजन ७ टक्के, आवाजाचं ३८ आणि चेहऱ्या-हावभावांचं ५५. हे मला कधीच पटलं नाही. अल्बर्ट मेहराबियनचे ते १९६७ चे प्रयोग होते, सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही हे लोक कशावरून ओळखतात एवढंच त्यात बघितलं होतं. हे आकडे सगळ्या बोलण्याला लावू नका असं तो स्वतःच सांगत आला. ४६ चे ४३ झाले हे हावभावाने सांगून दाखवा कोणीतरी. दुसरं शिकवलं ते सँडविच, आधी कौतुक, मधे वाईट बातमी, शेवटी परत कौतुक. आमच्या पोराने हे वहीत अंडरलाइन करून ठेवलं होतं.

मी पोचलो तर आप्पा बांधावर निंबाखाली बसलेले आणि माझ्यासमोर त्या पोराची नक्कल सुरू. "हा मले म्हने, आप्पा तुमची बाग लय छान हाय, मेंटेनन्स लय भारी हाय, पन थोडा माल रिजेक्ट हाय, पन तुमी आमचे खास शेतकरी हाय. अरे बाग चांगली हाय हे मले माहीत हाय, बाग मी लावेल हाय. तू भाव सांग ना!" टोळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, पोरगा लालबुंद. मला त्याची कीव आली, पण आप्पांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. ज्याचा माल मातीत पडलाय त्याला कौतुक ऐकवलं की त्याला वाटतं हा आपल्याला येडं समजतोय.

मी त्यांच्या शेजारी बसलो. पार्टीने का बदललं, जहाज कुठून जाणार, यातलं काही सुरू केलं नाही. विचारलं, "आप्पा, किती घड बाजूला पडले?" ते म्हणाले मोजा तुमीच. मग खरंच दोघं उठून मोजायला गेलो, उन्हात, एकेक ढीग. मला वाटतं अर्धं भांडण त्या मोजण्यातच उतरलं, कारण आकडा त्यांच्यासमोर, त्यांच्या तोंडून निघाला आणि मी तो माझ्या वहीत लिहिला. मग मी म्हटलं, "म्हणजे तुमचं म्हणणं असं की सगळ्या मालाला एक्स्पोर्टचाच भाव पाहिजे." ट्रेनिंगमध्ये हे पण होतं, समोरच्याचं आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायचं, आणि हे मात्र कामाचं निघालं, कारण आप्पा लगेच म्हणाले, "नही. तसं नही."

मग जे बाहेर आलं ते मला फोनवर कधीच कळलं नसतं. बागेत निसवण झाली, म्हणजे झाडातून घड बाहेर पडला की त्या आठवड्याच्या रंगाची रिबीन घडाला बांधतात, म्हणजे कुठला घड किती आठवड्यांचा ते लांबून कळतं. जाड निघालेला माल बराचसा निळ्या रिबिनीचा होता. आप्पा म्हणाले, "शेतीची लाइट रात्रीची हाय आमच्याकडे. मी बारा वाजता मोटरपाशी जागाच होतो. एक फोन केला असता का आप्पा जाड माल नको, मी निळी रिबीन झाडावरच राहू देतो. माह्या घडाचं काय करायचं ते मले पाच वाजता मुकादमाकडून कळाले नको आन सात वाजता या पोराकडून कळाले नको." थोडं थांबून म्हणाले, "पैशाचं नंतर बोलू. पन बोलूच."

त्यावर उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं आणि मी दिलंही नाही. एवढंच म्हटलं की तुम्हाला कळायच्या आधी जे कापलं गेलं त्याचा भाव मी वर बोलून आत्ता सांगतो, आणि जे झाडावर आहे त्यातली निळी रिबीन आजपासून तुमची, आम्ही हात लावत नाही.

हेड ऑफिसचा फोन ही वेगळी कसरत. वरच्या लोकांशी बोलताना बहुतेक मॅनेजर पहिल्यापासून गोष्ट सांगत बसतात, मग साहेब मधेच विचारतो कोणाची चूक, आणि पुढची वीस मिनिटं त्यात जातात. मी उलटं केलं. म्हटलं, साहेब, गाडी अडकलीये, माल उन्हात आहे. नवीन निरोप शेतकऱ्यापर्यंत पोचायच्या आधी कापलेल्या जाड मालाचा फरक आपण द्यायचा, याला तुमची मंजुरी पाहिजे. दहा मिनिटांत हे मिटलं नाही तर आजचा कंटेनर जात नाही. पलीकडून, "डिटेल मेल टाका." मी म्हटलं मेल संध्याकाळी टाकतो, आत्ता फक्त हो का नाही ते सांगा. जरा वेळ शांतता, मग हो आलं. आप्पांना मी तिथेच आकडा सांगितला, त्यांनी क्विंटलमागे आणखी थोडं ताणलं, मी थोडं सोडलं, आणि ट्रॅक्टर निघाला.

पण खरी गंमत त्याच्यानंतरच झाली. उरलेली कापणी सुरू करायच्या आधी मी मुकादमाला बोलावलं. पोराने त्याला परत एकदा सगळं समजावलं होतं, ४३ च्या वर नको, समजलं का, आणि मुकादम मान हलवून मोकळा. मी कॅलिपर त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, तू मला दाखव, कुठला घड कापशील. तो एका पिवळ्या रिबिनीच्या घडापाशी गेला, वाकला, आणि सगळ्यात खालच्या फणीला कॅलिपर लावला. ४१. म्हणे चलेगा साहब. त्याच घडाच्या वरून दुसऱ्या फणीला, बाहेरच्या ओळीतल्या मधल्या केळाला लावला तर ४५! घडाची वरची फणी जाड आणि खालची बारीक असते हे त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत, पण जाड माल नको म्हणजे वर मोजायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो इतके दिवस खालची फणी मोजायचा, कारण आत्तापर्यंत आमची सगळी कटकट बारीक मालाची होती आणि बारीक माल खालीच सापडतो. माणूस बरोबरच करत होता, फक्त कालच्या प्रश्नाचं उत्तर देत होता. पिवळ्या रिबिनीतले पण काही घड जाड निघणार हे त्यामुळे वेळेवर कळलं, नाहीतर दुपारी पॅकहाऊसवर परत ढीग पडला असता.

ट्रेनरने स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळाचा किस्सा सांगितला होता, २७ मार्च १९७७, धुक्यात दोन जंबो जेट एकाच रनवेवर धडकली आणि ५८३ माणसं गेली. पायलटला वाटलं निघायची परवानगी मिळाली, टॉवरने ती दिलीच नव्हती, आणि शेवटचे शब्द रेडिओवर एकमेकांत अडकले. त्यानंतर टेकऑफ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा असा कडक नियम झाला, आणि ऐकलेलं परत म्हणून दाखवायला पायलट लोक किती जपतात तेही त्याने सांगितलं. हॉटेलात ऐकताना म्हटलं आपल्याला केळी भरायचीत, विमानं कुठे उडवायचीत. पण आमच्या कामात तर म्हणून दाखवणंही पुरत नाही. मुकादमाने "४३ के उपर नहीं" हे अगदी बरोबर म्हणून दाखवलं असतं आणि खालची फणी मोजत राहिला असता. करूनच दाखवायला लावावं लागतं.

मग टोळीतल्या एका बाईने जे केलं ते मला जाम आवडलं. तिला कॅलिपरचे आकडे वाचता येत नव्हते. तिने तारेचा तुकडा मागितला, ४३ वर लावलेल्या कॅलिपरमध्ये बसेल असा वाकवून त्याचं कडं केलं, आणि ते केळात अडकलं की घड सोडून पुढे. मुकादमापेक्षा तिचा हात भरभर चालायला लागला. बाकीच्यांनी पण तशी कडी करून घेतली. हेड ऑफिसच्या माणसाने नंतर फोटो बघून विचारलं हे कॅलिब्रेटेड आहे का.

गाडी साडेदहाच्या आसपास निघाली, फण्या तुरटीच्या पाण्यातून निघून खोक्यात गेल्या, प्रीकूलिंगला जरा जास्त वेळ द्यावा लागला कारण गर तापला होता, पण कंटेनर लागला.

आता स्पेक, म्हणजे मालाच्या मापाची अट बदलली की पोरगा रात्री शेतकऱ्याला फोन करतो, आधी आकडा सांगतो, मग कारण, आणि बाग छान आहे वगैरे काही म्हणत नाही. परवा एका फैजपूरच्या काकांनी त्याला चांगलंच झापलं, साडेअकराला काबरं उठवतो म्हणून. आप्पांच्या फरकाचे पैसे मात्र अकाउंट्समध्ये बराच काळ अडकले, कारण जाड मालाचा फरक कुठल्या हेडखाली टाकायचा हे तिथे कोणाला ठरवता येईना. शेवटी मी आप्पांना घेऊनच ऑफिसला गेलो आणि म्हटलं, आप्पा, आता तुम्हीच समजावून सांगा यांना.