सगळ्यांसाठी एकच ऑपरेटिंग सिस्टिम का नाही?

चार्जरचं टोक सगळ्यांना सारखं करता येतं, मग पर्सनल कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम का नाही? कंपन्यांच्या मालकीच्या सिस्टिम्सपेक्षा सगळ्यांनी मिळून ठरवलेली एकच प्रमाणित सिस्टिम बरी नव्हे का? हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकते.

सिस्टिम एकच असावी असं मला वाटत नाही. प्रोग्राम आणि सिस्टिम यांच्यातला करार मात्र उघड हवा, लेखी हवा आणि कोणालाही पाळता येईल असा हवा.

मुळात मालकीची आणि प्रमाणित हे शब्द विरुद्धार्थी नाहीतच. मॅकओएस ॲपलच्या मालकीची, तरी २००७ साली तिच्या लेपर्ड आवृत्तीला युनिक्स ०३ चं, म्हणजे युनिक्स हे नाव लावायला सिस्टिमने जे प्रमाण पाळावं लागतं त्याचं, रीतसर प्रमाणपत्र मिळालं. लिनक्स कोणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, पण त्याच्या बहुतेक वितरणांकडे, म्हणजे वेगवेगळ्या गटांनी बांधून दिलेल्या तयार आवृत्त्यांकडे, ते प्रमाणपत्र नाही. ती पॉझिक्सला बरीचशी धरून चालतात, इतकंच. पॉझिक्स हे प्रमाण १९८८ साली आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेने पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. फाइल उघडायची, वाचायची, नवी प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्राम, सुरू करायची तर प्रोग्रामने काय मागायचं आणि सिस्टिमने काय द्यायचं, हे त्यात ठरवलेलं आहे. आतली यंत्रणा कशी बांधायची यावर अवाक्षर नाही, आणि मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं.

पण करार कागदावर असून भागत नाही. १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला, त्यानंतर इतर कंपन्यांनीही मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस या सिस्टिमवर चालणारी यंत्रं काढली. सिस्टिम तीच, म्हणजे प्रोग्रामही तेच चालायला हवेत ना? नाही चालले. डॉसमार्फत स्क्रीनवर लिहिणं फार संथ होतं, म्हणून प्रोग्रामर डॉसला वळसा घालून थेट स्क्रीनच्या मेमरीत अक्षरं टाकत. ती मेमरी आयबीएमच्या यंत्रात जिथे होती तिथेच नसेल, तर प्रोग्राम कोलमडे. यंत्र खरंच आयबीएमसारखं आहे का, हे लोक लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्राम आणि फ्लाइट सिम्युलेटर हा विमान उडवण्याचा खेळ चालवून बघत. म्हणजे खरं प्रमाण डॉसच्या पुस्तकात नव्हतंच, ते आयबीएमच्या सर्किट बोर्डावर होतं!

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटी या नंतरच्या सिस्टिममध्येही सुरुवातीला पॉझिक्सची सोय होती. अमेरिकी सरकारच्या खरेदीत ती अट असे. पण त्यात ना खिडक्या उघडता येत, ना नेटवर्क वापरता येई. अट पुरी झाली, पण तेवढ्यावर कामाचा प्रोग्राम कोण लिहिणार?

हे सगळं मला इतकं का लागतं, तेही सांगते. माझ्या वडिलांनी कित्येक वर्षं आपल्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवल्या. बहुतेक एका वर्ड प्रोसेसरमध्ये, ज्याच्या फाइलची रचना त्याच्या कंपनीखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. ते गेल्यावर त्या फाइली उघडल्या, तर नुसते चौकोन. एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममधून पाहिलं तेव्हा कचऱ्यात अडकलेले शब्द दिसले: एक नाव, अर्धी तारीख. कुठला शब्द कोणत्या ओळीतला, ते काही जुळेना.

त्याच फोल्डरमध्ये साध्या टेक्स्टची एक छोटी फाइल होती. माझ्या लिनक्सवर ती लगेच उघडली. एडिटरमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा खूण दिसत होती, कारण डॉसमध्ये ओळ १३ आणि १० अशा दोन चिन्हांनी संपते, युनिक्सच्या वाटेने आलेल्या सिस्टिम्समध्ये नुसत्या १० ने. फरक तेवढाच. वडिलांचा शब्द न् शब्द जागेवर होता.

म्हणून कोणती सिस्टिम घेऊ, असं कोणी विचारलं की मी म्हणते, आवडेल ती घ्या. पण घेतल्या दिवशीच तिच्यात काहीतरी लिहा, सेव्ह करा, आणि ती फाइल दुसऱ्या कंपनीच्या सिस्टिमवर नेऊन उघडून बघा.