मार्क फुकट जातात म्हणे

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या सांखळी बाजारातल्या माझ्या दुकानाचं रूपच पालटतं. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म एवढंच लिहिलंय, पण त्या महिना-दीड महिन्यात माझा निम्मा वेळ सल्ले देण्यात जातो. वाळपई, केरी, मोर्ले, होंडा अशा सगळ्या बाजूंची मुलं कदंबा बसमधून उतरतात ती फाईल छातीशी धरूनच. मोबाइल घरोघरी आहे, पण फोटो ५० केबीत बसत नाही, सही आडवी स्कॅन होते, पैसे कापले जातात आणि पावती येत नाही. त्यात पहिला पाऊस पडला की सत्तरी तालुक्यात वीज गेलीच म्हणून समजा. मग माझ्या इन्व्हर्टरची आठवण होते.

फॉर्ममध्ये पसंतीच्या रकान्यापाशी आलो की मी मुलाकडे बघतो आणि उत्तर बापाकडून येतं. मुलाचे मार्क जितके जास्त, तितकं हे हमखास. हे बघून बघून माझं एक मत झालंय: ज्याला मार्क जास्त, त्याला निवड कमी. कागदावर अर्थातच उलट दिसतं. नव्वदच्या वर गेलेल्याला कुठलंच कॉलेज नाही म्हणत नाही. पण घरी त्याच्यासाठी दोनच वाटा मोकळ्या ठेवलेल्या असतात आणि बाकीच्या वाटांवर सगळे नातेवाईक आडवे उभे असतात.

मागे केरीकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली. सायन्स, ९१ टक्के. तिला बीए करायचं होतं, इतिहास घेऊन. शाळेत असताना हरवळ्याच्या गुंफांवर प्रकल्प केला होता, तेव्हापासून डोक्यात तेच. वडील मला म्हणाले, "भाऊ, तुम्हीच सांगा हिला. एवढे मार्क पडून आर्ट्स? मार्क फुकट जातील." मुलगी खाली बघून म्हणाली, "काका, म्हाका दुसरें कांय नाका." मी दोन फॉर्म भरून दिले. पुढे त्यांचं काय ठरलं ते त्यांच्या घरी ठरलं.

हे "फुकट जातील" मी दर हंगामात ऐकतो. मार्क म्हणजे जणू हातात आलेली रोकड, आणि ती बाजारातल्या सगळ्यात महागड्या वस्तूवरच खर्च करायची, नाहीतर आपण फसलो. गंमत अशी की त्या महागड्या वस्तू बारावीच्या मार्कांवर मिळतच नाहीत. हे मी आईबापांना प्रिंटआउट काढून दाखवतो, तरी पटत नाही.

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला जायचं तर ‘नीट’ ही देशभरची प्रवेश परीक्षा. बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून ५० टक्के पुरतात, राखीव गटाला ४०. त्याच्यावर ५१ असोत की ९८, मेडिकलच्या यादीत फरक पडत नाही. इंजिनिअरिंगच्या एनआयटी आणि आयआयटीला बारावीत ७५ टक्के लागतात, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे शंभरातल्या पहिल्या वीस जणांत, असावं लागतं. ही अट कोविडच्या काळात उठवली होती, २०२३ला परत आली. म्हणजे ७५वाला आणि ९५वाला उंबरठा ओलांडला की आत सारखेच, पुढचं सगळं जेईई ही प्रवेश परीक्षा ठरवणार. झुआरीनगरच्या बिट्स या खासगी इंजिनिअरिंग संस्थेची स्वतःची परीक्षा, बिट्सॅट. एक अपवाद आहे: बोर्डात पहिला आलेल्याला बिट्स थेट प्रवेश देते. पण बोर्डात पहिला एकच येतो, आणि तो अजून माझ्या दुकानात आलेला नाही.

दिल्लीचं तर पूर्ण उलटं झालं. २०२१मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या काही कॉलेजांची पहिली यादी १०० टक्क्यांवर लागली. शंभरपैकी शंभर असतील तर या, नव्व्याण्णववाल्यांनी थांबा. पुढच्याच वर्षी, २०२२ला, सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आली आणि बारावीच्या टक्क्यांची किंमत एका रात्रीत उतरली. आता दोघांचे सीयूईटीचे गुण सारखे पडले तर बारावीचे बघतात. आधीच्या वर्षी ज्या मार्कांसाठी मुलं रात्री जागली, ते मार्क दुसऱ्या वर्षी बरोबरी फोडण्यापुरते उरले.

मग आमच्या गोवा बोर्डाचे मार्क खरोखर कुठे चालतात? इथल्याच बीए, बीएस्सी, बीकॉमला. ज्या प्रवेशांना घरचे "साधं ग्रॅज्युएशन" म्हणून नाकं मुरडतात, तिथेच ९१चे पूर्ण ९१ मोजले जातात. त्या मुलीच्या वडिलांना मी हेच सांगितलं होतं, की तुमच्या मुलीचे मार्क फुकट जाणार नाहीत अशी हीच एक जागा आहे. त्यांना मी थट्टा करतोय असं वाटलं.

(जाता जाता: मूळ गुणपत्रिका लॅमिनेट करू नका. मशीन माझंच आहे, धंदा माझाच बुडतो, तरी सांगतो. प्लास्टिकमध्ये घातलेल्या कागदावर पुढे कुठे शिक्का मारायचा झाला तर पंचाईत होते.)

खरी निवड तर दोन वर्षं आधीच होऊन गेलेली असते. दहावीला ८५ पडले की सायन्स, ६५ला कॉमर्स, उरलेल्यांना आर्ट्स नाहीतर आयटीआय. असा कुठे नियम नाही, पण गावात कोणालाही विचारा. बरं, त्या ८५मध्ये कधीकधी खेळाचे वाढीव गुणही मिळालेले असतात. आमचं बोर्ड खेळाडूंना ते देतं आणि माझी त्याला काहीच हरकत नाही. खो-खोत धावून आलेल्या गुणांवर एखादा पोरगा फिजिक्सच्या वर्गात जाऊन बसतो तेव्हा मात्र मला राहवत नाही. त्याला धावायचं होतं हो.

कमी मार्कवाल्यांचं बघा. कॉमर्समध्ये ५४ टक्के मिळालेला होंड्याचा एक मुलगा एकटाच आला, खुर्चीत बसला आणि त्याला काय हवंय ते त्यानं धडाधड सांगितलं. पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा, नाही जमलं तर आयटीआयला एसी दुरुस्ती, तेही नाही तर मामाच्या गॅरेजात. त्याच्या मागे कोणी उभं नव्हतं, कारण त्याच्याकडून कोणाला काही नको होतं. याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही. त्याला भूगोल घेऊन बीए करायचं असतं आणि शहरातलंच कॉलेज हवं असतं, तर पहिल्या यादीत नाव आलं असतं की नाही कोण जाणे. पण तिन्ही नावं त्याची स्वतःची होती. नव्वदवाल्यांच्या फॉर्मात हे मला क्वचित दिसतं.

माझी बहीण इंग्लंडमध्ये स्विंडनला असते. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली, ब्रेक्झिटच्या आधी. स्विंडनमध्ये गोंयकार इतके की तिला तिथे परकं वाटायला वेळच मिळाला नाही. तिची मुलगी, माझी भाची, तिकडे ए लेव्हल, म्हणजे त्यांची बारावी, करत होती तेव्हा व्हिडिओ कॉलवर मी तिचा अर्ज बघितला. धंद्याची सवय. त्यांची तऱ्हाच वेगळी. अर्ज परीक्षेच्या आधी करायचा, यूकास नावाच्या एकाच ठिकाणी, बहुतेक कोर्सना जानेवारीत. पाच जागा निवडायच्या. मार्कांच्या जागी शिक्षकांनी वर्तवलेले ग्रेड. मग विद्यापीठं सशर्त होकार देतात: एक ए आणि दोन बी आणशील तर ये. त्यातला एक होकार पक्का धरायचा, एक राखीव ठेवायचा, आणि ऑगस्टच्या मध्यावर निकाल लागला की कळतं कुठे जायचं ते. दोन्ही हुकले तर क्लिअरिंग, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी फोनाफोनी.

मी तिला आमची पद्धत सांगितली, की आधी निकाल, मग फॉर्म. ती म्हणाली, "मामा, म्हणजे मार्क बघून काय आवडतं ते ठरवायचं?"

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी तिच्या पद्धतीतल्या खोड्या काढल्या. त्याही कमी नाहीत. शिक्षकांचे अंदाज चुकतात, आणि ते बहुतेक वेळा वरच्या बाजूला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या एका अभ्यासात २०१६ला दिसलं की तंतोतंत अंदाज फक्त १६ टक्के अर्जदारांचे निघाले आणि ७५ टक्क्यांना खऱ्यापेक्षा जास्त ग्रेड वर्तवले होते. हुशार पण गरीब घरच्या मुलांना मात्र श्रीमंत घरच्या तेवढ्याच हुशार मुलांपेक्षा कमी वर्तवले जाण्याचा संभव जास्त. २०२०ला कोविडमुळे परीक्षाच झाल्या नाहीत तेव्हा इंग्लंडमध्ये एका गणिती सूत्रानं ग्रेड काढले. शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडपैकी जवळजवळ ४० टक्के खाली आले, मुलं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सरकारनं ते सूत्र मागे घेतलं. निकालानंतर अर्ज, म्हणजे आमच्यासारखं करावं का, यावरही तिकडे विचार झाला आणि २०२२च्या फेब्रुवारीत तो सोडून दिला. त्यांना आमचं हवं होतं आणि मला त्यांचं.

त्यांचं सगळं नको. पण मुलानं निकालाच्या आधी, मार्कांचा आकडा डोक्यात शिरायच्या आधी, पाच नावं स्वतःच्या हातानं लिहिणं, एवढं मला हवं. आपल्याकडे बोर्डानं ते सांगायची गरज नाही. शेवटचा पेपर झाला की वहीच्या पाठच्या पानावर लिहिता येतं. निकालाच्या दिवशी ते पान उघडायचं. एखाद-दोन मुलांना मी हे करायला लावलंय. एकीच्या पानावर नर्सिंग होतं आणि ती आज बांबोळीलाच शिकते.

चार वर्षांच्या पदवीतही मार्क पाठ सोडत नाहीत, हेही सांगून टाकतो, कारण हल्ली सगळे विचारतात. गोव्यात २०२३-२४पासून नवीन शिक्षण धोरणाप्रमाणे प्रवेश सुरू झाले. मुख्य विषयाबरोबर दुसरा गौण विषय घेता येतो, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष संशोधनासह करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. पुन्हा तोच आकडा. आणि गौण विषय कॉलेजात शिकवत असतील तरच मिळतो, हे माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात असतं.

आता जोसावाल्यांसाठी, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित ऑनलाइन प्रवेशाला पसंतीची यादी भरणाऱ्यांसाठी, कारण त्यांची गर्दी सुरू होईल. आमच्या भागात आयआयटी हे नाव मुलांनी आधी ऐकलं ते आंदोलनामुळे. सत्तरीत शेळ-मेळावलीला ती यायची होती, लोकांनी जमिनीसाठी विरोध केला आणि २०२१च्या जानेवारीत सरकारनं माघार घेतली. २०१६ला ती सुरू झाली फार्मागुडीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात. एनआयटी आता कुंकळ्ळीला स्वतःच्या जागेत गेली आणि तिथे गोव्याच्या मुलांना वेगळा कोटा आहे. देशभरचा आकडा बघून हाय खाऊ नका. गोव्याच्या रकान्यातला शेवटचा रँक बघा.

जोसाच्या यादीत लोक एकच घोळ दर वर्षी घालतात. मागच्या वर्षीचे रँक बघून, जे मिळण्यासारखं आहे ते वर टाकतात आणि जे हवंय ते खाली, किंवा टाकतच नाहीत. त्यांना वाटतं न मिळणारं वर टाकलं तर मिळणारं हातचं जाईल. तसं होत नाही. संगणक वरून खाली येतो. पहिलं नाही मिळालं तर दुसऱ्याला तुमचा रँक तेवढाच धरला जातो. स्वप्न पहिल्या क्रमांकावर टाकायला एक पैसा पडत नाही आणि नावांना मर्यादाही नाही. पण खालचं वर टाकलंत आणि ते मिळालं, तर त्याच्या खालच्या कशाचा विचारच होत नाही. जागा मिळाल्यावर फ्रीझ म्हणजे आहे तेच पुरे, फ्लोट म्हणजे ही धरून ठेवतो पण यादीतलं वरचं कुठलंही चालेल, स्लाइड म्हणजे कॉलेज हेच, शाखा वरची. घरी नीट बोलून या, माझ्या काउंटरवर भांडू नका. मागे रांग असते.

यादी लॉक करायच्या शेवटच्या दिवसांत दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवीन. येताना आधार, दोन्ही गुणपत्रिका, मामलेदार कचेरीतला रहिवासी दाखला, नोंदणीला जो नंबर दिला तो फोन, आणि ज्याचा प्रवेश आहे त्याला बरोबर आणा. वडिलांनी एकट्यानं येऊन यादी भरायला सांगितली तर मी भरत नाही, मग पैसे दुप्पट दिले तरी.